जुनी मारुती ८००: इंजिन गरम झाले की स्लोला थरथरते आणि सिग्नलला बंद पडते

पंचगंगाकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

वडिलांनी १९९८ साली घेतलेली, कार्बोरेटरची मारुती ८०० आमच्या घरी अजून रोजच्या वापरात आहे आणि नोंदणीचे नूतनीकरणही वेळेवर झालेले आहे. गाडी कोल्हापुरातच चालते, काटा १,१४,००० किलोमीटरवर आहे. गेल्या चार महिन्यांपासून तिचे स्लोचे चालणे, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाचे इंजिनाचे चालणे, बिघडले आहे. सकाळी चोक ओढून चालू केली की पहिली पाच-दहा मिनिटे काहीच जाणवत नाही. चोक आत ढकलून गाडी गरम झाली, की सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना सगळी गाडी थरथरू लागते, मागचा आरसा इतका हलतो की त्यात मागची गाडी कोणती आहे हे ओळखता येत नाही, आणि तीन-चार वेळांतून एकदा इंजिन सरळ बंद पडते. रस्त्यावर वेग घेतल्यावर मात्र तक्रार नाही, पिकअपही ठीक आहे.

आतापर्यंत एका गॅरेजात प्लग, प्लगच्या वायरी, डेल्कोचे (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाचे) झाकण आणि रोटर बदलून झाले. मग कार्बोरेटर किट घालून साफ झाला. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. शेवटी मिस्त्रींनी स्लोचा स्क्रू फिरवून इंजिन जरा रेसवर ठेवले. त्याने गाडी बंद पडायची थांबली, पण थरथर तशीच आहे आणि पेट्रोल जास्त जाते आहे. आता नवीन कार्बोरेटर घाला असा सल्ला मिळाला आहे. तो घालावा का, की आधी आणखी काही बदलून पाहावे?

घाटवाट (सोमवार, रात्री १०.१५)

माझ्याकडे याच वर्गातली गाडी होती आणि लक्षणेही हुबेहूब हीच होती. मीही कार्बोरेटर नवा घातला होता. दोष निघाला डेल्कोवरच्या व्हॅक्यूमच्या डब्यात: आतला पडदा फाटला होता आणि तिथून इंजिन हवा ओढत होते. जुना कार्बोरेटर अजून माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे. त्यामुळे कार्बोरेटरची खरेदी शेवटी ठेवा, एवढेच म्हणेन.

तीन सिलिंडर (सोमवार, रात्री १०.५२)

इंजिनाची फाउंडेशन, म्हणजे ते ज्यांवर बसवलेले असते ते आधार, पाहिली आहेत का? तीन सिलिंडरच्या इंजिनाला पुढे-मागे डोलण्याची उपजत सवय असते आणि ती हालचाल पोटात घेण्याचे काम फाउंडेशनचे रबर करते. पंचवीस वर्षांनी ते रबर एकतर दगड होते किंवा तेल पिऊन बसते, आणि मग निरोगी इंजिनही गाडीला हलवते.

जुना फिटर (मंगळवार, सकाळी ७.२०)

ताई, अजून एकही भाग विकत घेऊ नका. जे चार भाग बदलले गेले ते तपासून बदलले नव्हते, अंदाजाने बदलले होते, हे तुमच्या लिहिण्यावरूनच दिसते. फाउंडेशनचा मुद्दा बरोबर आहे, परंतु फाउंडेशन बसल्यामुळे इंजिन बंद पडत नाही. तुमची गाडी थरथरते आणि बंदही पडते, म्हणून दोष जळण्यात आहे असे धरून सुरुवात करू.

तीन गोष्टी पाहून सांगा.

पहिली, थरथर एका लयीत आहे की विस्कळीत. स्लोला मिनिटाला ९०० फेरे धरले तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेसात वेळा पेटतो. तिन्हीपैकी एकच नेमका मेलेला असेल तर गाडी त्याच ठेक्यात हलते, बोट बोनेटवर ठेवले तरी ताल मोजता येतो. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण बिघडलेले असेल तर कधी हा, कधी तो सिलिंडर चुकतो आणि ठेका सापडत नाही. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागद धरा. नीट चाललेल्या इंजिनात तो बाहेरच्या बाजूला सलग फडफडतो, चुकणाऱ्या इंजिनात मध्येच लटपटतो.

दुसरी, इंजिन पूर्ण गरम असताना चोक पाव हिस्सा ओढा. इंजिन सुधारते की आणखी घुसमटते, ते पाहा.

तिसरी, तुमच्याकडे पीयूसीची शेवटची स्लिप असेल. ‘पास’ या शब्दाकडे पाहू नका, वरचे दोन आकडे लिहा: कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत किती, हायड्रोकार्बन पीपीएममध्ये किती. त्याआधीची जुनी स्लिप सापडली तर तिचेही आकडे द्या.

घाटवाट (मंगळवार, सकाळी ८.०५)

चोकच्या परीक्षेत एक फसगत आहे. बहुतेक कार्बोरेटरांत चोक ओढला की थ्रॉटलही (ॲक्सिलरेटरने उघडणारा पडदा) किंचित उघडतो, त्यामुळे फेरे वाढतात आणि इंजिन सुधारले असे उगाच वाटते. त्याऐवजी एअर फिल्टरच्या नळकांड्याच्या तोंडावर पुठ्ठ्याचा तुकडा धरून ते हळूहळू अर्धे झाकावे. थ्रॉटल जागचा हलत नाही, फक्त हवा कमी होते.

जुना फिटर (मंगळवार, सकाळी ८.३०)

हे अगदी योग्य सांगितलेत. पुठ्ठ्यानेच करा. हात धरू नका, आणि फिरत्या पंख्यापासून ओढणी, साडीचा पदर दूर ठेवा.

पंचगंगाकाठ (बुधवार, रात्री ८.५०)

तिन्ही गोष्टी पाहिल्या. शेजारचे दादा मदतीला होते.

थरथर विस्कळीत आहे, परंतु पूर्ण विस्कळीत नाही. पाच-सहा ठेके एका तालात पडतात, मग गोंधळ होतो, मग पुन्हा ताल सापडतो. कागद मध्येच लटपटतो.

पुठ्ठ्याचा प्रयोग पाहून आम्ही दोघेही थक्क झालो. इंजिन गरम होते, थरथरत होते, आणि तोंड साधारण अर्धे झाकल्याबरोबर आवाज गोल झाला. आरसा जवळजवळ स्थिर झाला. पुठ्ठा काढला की दोन सेकंदांत पुन्हा तेच. चार वेळा केले, चारही वेळा तसेच झाले.

पीयूसीच्या दोन स्लिपा डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडल्या. दोन महिन्यांपूर्वीच्या स्लिपेवर कार्बन मोनॉक्साइड ०.६ टक्के आणि हायड्रोकार्बन १,२४० पीपीएम आहे. त्याआधीच्या स्लिपेवर अनुक्रमे १.९ टक्के आणि ३८० पीपीएम आहे. दोन्ही वेळा गाडी पास झाली. कार्बन मोनॉक्साइड कमी झाला म्हणजे प्रदूषण सुधारले, असे मी समजत होते.

जुना फिटर (बुधवार, रात्री १०.१०)

तुमच्या कप्प्यातली ही स्लिप गॅरेजात कोणी मागितली असती तर तुमचे पैसे वाचले असते.

कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तो पेट्रोलला पुरेशी हवा मिळाली नाही म्हणून, म्हणजे मिश्रण रिच असते तेव्हा. हायड्रोकार्बन म्हणजे न जळता तसेच बाहेर पडलेले पेट्रोल. मिश्रण रिच असेल तर दोन्ही आकडे चढतात. तुमच्या स्लिपेवर एक उतरला आहे आणि दुसरा तिपटीहून वर गेला आहे. सिलिंडरात पेट्रोल जाते, पण मधूनमधून पेटतच नाही आणि जसेच्या तसे सायलेन्सरमधून निघून जाते, असा याचा अर्थ. पास झाली ते नियमाच्या सवलतीमुळे. भारत स्टेज २ या धुराच्या नियमांच्या टप्प्याआधीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत चालतो, भारत स्टेज ४ च्या गाड्यांना हीच मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहे. शिवाय तुमच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा डबा) नसावा, त्यामुळे नळीतून येते ते इंजिनाचे खरेखुरे बोलणे आहे. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत तो मधल्या मध्ये सारवासारव करतो आणि या आकड्यांवरून इतके नेमके सांगता येत नाही.

आता न पेटण्याची दोन कारणे उरतात: ठिणगी कमजोर असणे किंवा मिश्रण लीन असणे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. स्लिप या दोहोंत फरक करू शकत नाही, तो फरक तुमच्या पुठ्ठ्याने केला. ठिणगी कमजोर असती तर हवा कमी करून इंजिन सुधारले नसते. म्हणून मिश्रण लीन आहे.

हवा जास्त येते कुठून? वेग घेतल्यावर तक्रार नाही, यातच त्याचे उत्तर आहे. स्लोला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. इंजिन जी थोडीशी हवा घेते ती त्या बारीक फटीतून, आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या वाटेत, जोराची ओढ तयार होते. अशा वेळी मॅनिफोल्डला किंवा त्याच्या एखाद्या नळीला छिद्र असेल तर तिथून आलेली चोरटी हवा एकूण हवेच्या मानाने फार मोठी ठरते. थ्रॉटल उघडला की मुख्य वाटेने इतकी हवा येते की छिद्रातली हवा जाणवत नाही. वाटीभर आमटीत पडलेला मिठाचा खडा जिभेला लगेच कळतो, पातेलेभर आमटीत कळत नाही, त्यातलाच प्रकार. चोक ओढलेला असताना पेट्रोलच जास्त येते म्हणून सकाळी दोष झाकला जातो.

एक शंका मात्र राहते. तुम्ही म्हणता मधूनमधून ताल सापडतो. नुसत्या चोरट्या हवेने असे सहसा होत नाही. तिन्हींपैकी एक सिलिंडर मुळात अशक्त असावा, असे वाटते. ती गोष्ट बाजूला ठेवतो, आधी हवा शोधू.

रसिका ठाणे (गुरुवार, सकाळी ९.१५)

मध्येच विचारते, पण विषयाशी संबंध आहे. हल्ली पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे मिश्रण त्यानेच लीन होते असे ऐकले होते. मग छिद्र शोधण्याआधी पेट्रोललाच जबाबदार का धरू नये?

जुना फिटर (गुरुवार, दुपारी १.४०)

प्रश्न रास्त आहे. साधे पेट्रोल पूर्ण जाळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्क्यांच्या मिश्रणाला ही गरज साधारण साडेतेरा पटीवर येते. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या, ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीला हे कळते आणि ती पेट्रोल वाढवून घेते. कार्बोरेटरला नाक नाही. जेटच्या छिद्रातून जेवढे येईल तेवढेच तो देतो. त्यामुळे त्याचे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होते.

परंतु एवढ्याने सुदृढ कार्बोरेटरचे इंजिन बंद पडत नाही, आणि मिक्स्चर स्क्रू (स्लोचे पेट्रोल कमी-जास्त करणारा) थोडा उघडला की बरेचसे भरून निघते. इथेनॉलचा संशय मी दुसऱ्या कारणाने घेतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि पॅकिंग त्या पेट्रोलासाठी बनलेल्या नव्हत्या. पेट्रोल वाहणाऱ्या जुन्या नळ्या ताईंनी यानिमित्ताने पाहूनच घ्याव्यात. मऊ, फुगलेली किंवा भेगाळलेली नळी दिसली तर ती बदलण्यात चालढकल करू नये, कारण खाली सायलेन्सरचा तापलेला मॅनिफोल्ड असतो.

पंचगंगाकाठ (गुरुवार, रात्री ९.००)

काका, एक आठवले ते सांगते, उपयोगाचे आहे का पाहा. दिवाळीत रत्नागिरीला गेलो होतो. तिथे त्रास घरच्यापेक्षा जास्त होता, आणि येताना आंबा घाट चढून वर आल्यावर थोडा कमी झाला. उकाड्यामुळे असेल असे वाटले होते.

घाटवाट (गुरुवार, रात्री ९.३५)

उकाड्यापेक्षा उंचीमुळे असावे. वर हवा विरळ असते, जेटमधून पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून चढावर कार्बोरेटरची गाडी रिच होत जाते आणि किनाऱ्यावर उतरली की लीन. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. तेवढ्या उंचीचा फरक फार तर तीन टक्के पडेल. पण जे इंजिन आधीच काठावर उभे आहे त्याला तीन टक्केही पुरतात.

जुना फिटर (शुक्रवार, सकाळी ७.१०)

सहमत आहे, त्याच दिशेचा आणखी एक पुरावा मिळाला.

आता शोधायचे कसे ते सांगतो. गॅरेजात कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून पाहतात: ज्या ठिकाणी मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो तिथे छिद्र. पद्धत बरोबर आहे, पण तापलेल्या मॅनिफोल्डवर ज्वालाग्राही फवारा मारणे घरच्या अंगणात करण्याजोगे नाही. तुम्ही साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या, इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारतो ती. पाण्याचा थेंब छिद्रावर बसला की ते क्षणभर बुजते, पाणी आत ओढले जाते आणि आवाज बदलतो. डेल्को आणि प्लगच्या वायरी भिजू देऊ नका, नाहीतर नवेच मिसिंग सुरू होईल आणि तुम्ही छिद्र सापडले असे समजाल.

क्रम असा ठेवा. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णतारोधक ठोकळा असतो, त्याच्या वरखाली पॅकिंग असते, तिथे आधी. कार्बोरेटर नुकताच खोलला गेला आहे, म्हणून माझा पहिला संशय तिथेच आहे. मग मॅनिफोल्ड जिथे हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) मिळतो ती फट. मग डेल्कोकडे जाणारी बारीक नळी. तिचे टोक काढून बोटाने बंद करून पाहा. आणि मग मॅनिफोल्डवरून निघणारी प्रत्येक नळी, शेवटपर्यंत हात फिरवून. नळी कुठे जाते हे माहीत नसेल तर ती कुठे संपते ते शोधा.

फूटभर लांबीची रबरी नळी कानाशी धरून तिचे दुसरे टोक सगळीकडे फिरवले तर फुस् असा आवाजही ऐकू येतो. सैल केस, ओढणी आधी बांधून घ्या.

तीन सिलिंडर (शुक्रवार, सकाळी ११.२५)

उदबत्तीच्या धुराने चोरटी हवा शोधताना मी एकाला पाहिले आहे. धूर जिथे आत ओढला जातो ते छिद्र. घरात सहज मिळणारी वस्तू आहे.

जुना फिटर (शुक्रवार, सकाळी ११.४०)

कृपा करून असे कोणी करू नये. कार्बोरेटरच्या आसपास पेट्रोलची वाफ असतेच असते, आणि उदबत्तीच्या टोकाला निखारा असतो. पाणी आणि कान पुरेसे आहेत.

पंचगंगाकाठ (रविवार, दुपारी ४.३०)

सापडले.

ठोकळ्याच्या पॅकिंगवर पाणी मारले, काही बदल नाही. हेडच्या फटीवर मारले, तिथेही नाही. डेल्कोची नळी काढून बोट लावले. ओढ जाणवली, पण थरथर तशीच. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे एकेका नळीवर हात फिरवू लागले. मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूने, फायरवॉलकडे, एक बोटभर लांबीची काळी नळी खाली वळलेली होती आणि तिच्या टोकात चक्क एक गंजका बोल्ट खुपसून वर तार गुंडाळलेली होती. ती नळी कशाची हे मला ठाऊक नव्हते. दादांनी विचारले, “या गाडीला एसी होता का?” होता. चार वर्षांपूर्वी कॉम्प्रेसर जाम झाला तेव्हा वडिलांनी तो काढून टाकला होता. एसी चालू केल्यावर फेरे वाढवणारा जो व्हॅक्यूमचा डबा असतो, त्याच्याकडे जाणारी ही नळी. डबा गेला, नळी उरली, आणि ज्याने कोणी काढले त्याने टोकात बोल्ट ठोकून काम मिटवले.

वरून पाहिली तर नळी धडधाकट. आरसा खाली धरला तेव्हा दिसले, की बोल्टचे आटे जिथे संपतात त्याच्या अलीकडे, खालच्या अंगाला, नखाएवढी उभी चीर आहे. इंजिन थंड असताना तिचे ओठ मिटलेले होते. पंधरा मिनिटे इंजिन चालवून पुन्हा आरसा धरला तर रबर मऊ पडून चीर उघडली होती आणि कडा आत ओढल्या जात होत्या. पाण्याचा एक फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलला. फडक्याने नळी चिमटीत दाबली तर थरथर जवळजवळ थांबली आणि फेरे बरेच वर गेले.

इंजिन बंद करून नळीच काढून टाकली आणि मॅनिफोल्डच्या नळकांडीवर दुकानातून आणलेले रबरी टोपण क्लॅम्पने बसवले. टोपण आणि क्लॅम्प मिळून चहा-नाश्त्याइतका खर्च आला.

घाटवाट (रविवार, सायंकाळी ५.०५)

अभिनंदन. माळ्यावरचा कार्बोरेटर मला आता आणखीच टोचणार.

जुना फिटर (रविवार, रात्री ८.१५)

फार चांगले काम केलेत. पॅकिंगवरचा माझा संशय चुकीचा ठरला, याचे वाईट वाटत नाही.

पण इथे थांबू नका. मिस्त्रींनी चोरटी हवा भरून काढायला मिक्स्चर स्क्रू उघडला असणार आणि फेरेही वाढवून ठेवले आहेत. छिद्र बुजल्यावर तीच जोडणी आता रिच झाली. जुळणी नव्याने करावी लागेल. इंजिन पूर्ण गरम, हेडलाइट बंद. आधी स्लोच्या स्क्रूने फेरे ९०० च्या आसपास आणा. मग मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. एका ठिकाणी इंजिन अडखळेल. तिथून बाहेर काढत या, फेरे वाढतील आणि मग वाढायचे थांबतील. जिथे वाढ थांबली तिथून किंचित आत घेऊन सोडा आणि स्लोच्या स्क्रूने पुन्हा ९०० वर आणा. दोन-तीन वेळा ये-जा करावी लागते. स्क्रू घट्ट आवळू नका, त्याच्या सुईच्या टोकाला खाच पडली की ट्यूनिंग पुन्हा जमत नाही.

त्यानंतर तिन्ही सिलिंडरांची हजेरी घ्या. एकेका प्लगची टोपी काढून फेरे किती पडतात ते पाहा. काढलेली वायर हवेत लोंबकळत ठेवू नका. तिच्यात जुना प्लग लावून तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, म्हणजे ठिणगीला वाट मिळते आणि कॉइलवर ताण येत नाही. उघड्या हाताने टोपी धरू नका, झटका जोराचा बसतो. हे काम मिस्त्रींकडून करून घेतलेत तरी चालेल.

पंचगंगाकाठ (मंगळवार, रात्री ९.२०)

दुसऱ्या, घराजवळच्या गॅरेजात जाऊन समोर उभी राहून करून घेतले. गाडी आता बंद पडत नाही. मात्र बारीक थरथर शिल्लक आहे, आणि आता ती एका तालात आहे. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची टोपी काढली की इंजिन बंद पडायला येते. तिसऱ्याची काढली तर फरक कमी पडतो. प्लग आपसांत बदलून पाहिले, तरी तिसराच अशक्त राहिला. कम्प्रेशन (सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजले: पहिला १७०, दुसरा १६५, तिसरा १३५ पीएसआय.

तीन सिलिंडर (मंगळवार, रात्री १०.००)

तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजले का? आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, नाही चढला तर वाल्व्ह गळतो.

पंचगंगाकाठ (बुधवार, रात्री ८.३०)

आज मोजले. १३५ चा १४० झाला, त्यापेक्षा जास्त नाही.

जुना फिटर (बुधवार, रात्री ९.४५)

म्हणजे वाल्व्ह. हेड खोलायला कोणी सांगितले तर थांबा. आधी टॅपेटची फट, म्हणजे वाल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातले अंतर, मोजून घ्या. या इंजिनात रॉकरवर स्क्रू असतो, फीलर गेजने अर्ध्या तासात काम होते.

एक गैरसमज इथे फार माजलेला आहे. टॅपेटचा टकटक आवाज आला की लोक अस्वस्थ होतात आणि आवाज नसला की इंजिन उत्तम समजतात. प्रत्यक्षात वाल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुतत जातो, त्याचा दांडा तेवढा वर येतो आणि फट कमी कमी होत जाते. आवाज नाहीसा होतो तो यामुळे. पुढे इंजिन तापल्यावर दांडा लांबतो, उरलीसुरली फट संपते आणि वाल्व्ह पूर्ण मिटतच नाही. एक्झॉस्टचा वाल्व्ह असा राहिला तर तापलेला वायू त्याच्या कडेवरून सतत निसटतो आणि काही महिन्यांत कड जळते. तेव्हा मात्र हेड खोलण्यावाचून मार्ग उरत नाही. माप मॅन्युअलमध्ये आहे, इंजिन थंड आणि गरम असताना ते वेगळे असते, हे मिस्त्रींना विचारून मगच गेज लावू द्या.

रसिका ठाणे (बुधवार, रात्री १०.३०)

माझी २००३ ची इंजेक्शनची छोटी गाडी आहे. तिला हे सगळे असेच्या असे लागू पडेल का?

जुना फिटर (गुरुवार, सकाळी ७.३०)

अर्धेच पडेल. ज्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवले जाते, त्यांत चोरटी हवा आली की दाब बदलतो, संगणक तेवढे पेट्रोल वाढवतो आणि मिश्रण लीन होण्याऐवजी फेरेच वाढून बसतात. त्यामुळे तुमच्याकडे स्लो उगाच वर राहत असेल तर छिद्र शोधा. स्लो खाली पडून गाडी थरथरत असेल तर आधी थ्रॉटल बॉडी आणि स्लोच्या हवेची झडप यांवरचे काजळ साफ करून घ्या, मग पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तपासा. मोबाइलला जोडायचा स्कॅनर घेण्याआधी एक लक्षात घ्या: आपल्याकडे ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याच्या व्यवस्थेची) पहिली पायरी एप्रिल २०१० पासून आणि दुसरी एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्याआधीच्या गाडीवर तो चालेलच असे नाही.

प्लग, टॅपेट आणि कम्प्रेशन यांचे जे लिहिले ते मात्र तुमच्या गाडीलाही लागू आहे.

पंचगंगाकाठ (शनिवार, सायंकाळी ६.१०)

टॅपेट केले. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला सर्वांत बारीक पातेही शिरत नव्हते, म्हणजे फट उरलीच नव्हती. बाकीच्या पाच वाल्व्हना थोडाफार फरक होता. सगळे मापात घेतले आणि त्यानंतर थोडे चालवून पुन्हा कम्प्रेशन मोजले. तिसरा १५५ वर आला आहे, पहिला आणि दुसरा होते तिथेच आहेत. मिस्त्री म्हणाले की महिनाभर वापरून पुन्हा मोजू, आणखी चढला तर कड शाबूत आहे असे समजायचे.

टकटक आता हलकी ऐकू येते. वडिलांनी अंगणातूनच विचारले, “आवाज कसला येतोय?” त्यांना काकांचा बुधवारचा प्रतिसाद वाचून दाखवला.

येताना पीयूसीही करून घेतली, मुदत संपायला वेळ असतानाच. कार्बन मोनॉक्साइड १.७ टक्के, हायड्रोकार्बन ३१० पीपीएम. यंत्रावरच्या मुलाने विचारले की पास असलेली गाडी पुन्हा का आणली. तिन्ही स्लिपा आता एका पाकिटात घालून कप्प्यात ठेवल्या आहेत.

जुना फिटर (शनिवार, रात्री ८.००)

महिन्याने तिसऱ्याचा आकडा इथेच लिहा. आणि तो गंजका बोल्ट टाकून देऊ नका, पुढच्या वेळी तुमच्या पहिल्या मिस्त्रींना नेऊन दाखवा.